पानावरची डुबकी

"आठ वर्षांच्या पोरीनं समुद्राच्या तळाशी जाऊन यायला काय हरकत आहे, तुम्हीच सांगा?"

दाजी कोयंडे पडवीत बसून बांगडे साफ करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नाही, खरंच सांगा. हरकत काय?"

दाजींनी एका बांगड्याचं डोकं उडवलं.

विचारणारा गृहस्थ मिरजेचा. नाव संग्राम काळुगडे. स्पर्धा परीक्षांचे क्लास चालवायचा, त्यामुळे प्रश्न विचारला की उत्तरही आपणच द्यायचं, ही त्याची सवय.

"हरकत काहीच नाही," तो म्हणाला. "भीती काय ती लहानपणीच मोडायची. मोठेपणी मोडत नाही."

शेजारी त्याची मुलगी शर्वरी उभी होती. समोरचे दोन दात पडलेले, केसांना घट्ट दोन वेण्या. ती माशांकडे बघत होती.

उद्या सकाळी नऊ वाजता मालवणच्या किनाऱ्यावरून बोट सुटणार होती, आणि संग्राम लेकीला घेऊन स्कूबा डायव्हिंगला जाणार होता. ही बातमी क्लासच्या, शाळेच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर आधीच गेली होती. "आपली शर्वरी उद्या समुद्राच्या तळाशी!" खाली एकशे बारा जणांनी अभिनंदन केलं होतं.

घोडं दोन जागी अडलं. बोटीवरची मुलं म्हणाली, "एवढ्या लहान पोरीला आम्ही परस्पर नेत नाही. दाजी हो म्हणाले तर बघू." आणि मिरजेहून शर्वरीच्या आईचा फोन आला, "जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय माझी पोर पाण्यात घालायची नाही. सांगून ठेवते."

तो जाणता माणूस म्हणजे दाजी. उभं आयुष्य त्यांनी पाण्याखाली काढलं होतं. कुणाचा नांगर खडकात अडकला, कुणाच्या बोटीच्या पंख्यात जाळं गुंडाळलं, की दाजींना हाक यायची. आता सत्तरी उलटली होती. पर्यटकांना मासे दाखवायला खाली नेणारी बहुतेक मुलं त्यांच्याच हाताखाली तयार झालेली.

दाजी हात धुऊन पोरीकडे वळले.

"काय गो, नाव काय तुझा?"

"शर्वरी," संग्राम म्हणाला.

"कितवीक आसस?"

"तिसरीत. पोहण्यात तालुक्यात दुसरी आली."

"भिती वाटता?"

"अजिबात नाही," संग्राम म्हणाला.

शर्वरीनं उघडलेलं तोंड मिटलं.

दाजींनी आळीपाळीनं दोघांकडे बघितलं.

"तुमच्या चेडवाचो आवाज अगदी तुमच्यासारखोच आसा," ते म्हणाले.

संग्राम खूश झाला. "सगळे हेच म्हणतात."

"पाण्यात एकट्यान जावचा नसता. जोडीदार लागता. हिचो जोडीदार कोण?"

"मी! दुसरा कोण? तुमची मुलं बरोबर असतीलच, पण पोरीचा हात माझ्या हातात. मला अनुभव आहे, दाजी. गेल्या वर्षी दोनदा खाली जाऊन आलोय."

"बरा."

"पण तुमच्या या धंद्यातली लबाडी सांगतो. रागावू नका. अहो, खाली काय ते रंगीत मासे! मला इतकी मजा आली, की मी बरोबरच्या गड्याला अंगठा दाखवला, बेस्ट म्हणून. तर त्यानं मला धरून सरळ वर आणलं! चार मिनिटांत! दुसऱ्या दिवशी परत गेलो. परत अंगठा दाखवला. परत वर!"

दाजींनी मिशीवरून हात फिरवला. मिशी जरा जास्तच वेळ पुसली.

"मगे तुमी काय केलास?"

"तक्रार केली. लेखी."

दाजी उठले. चुलीवर बांगड्याचं तिखलं चढवून आले आणि शर्वरीसमोर पाटावर बसले.

"आयक गो. पाण्यात तोंडात नळी आसता, बोलूक येवचा नाय. म्हणान थय हात बोलतत. मी दाखयतंय, तू बघ. तुमीपण बघा हां."

"एक मिनिट, एक मिनिट," संग्रामनं मोबाइल काढला. "हे रेकॉर्ड करायलाच हवं. शरू, केस मागे घे. दाजी, तुम्ही जरा इकडे सरका, तोंडावर उजेड येत नाही."

दाजी सरकले. त्यांनी अंगठा आणि बोट जोडून गोल केला.

"सगळा बरा आसा."

शर्वरीनं गोल केला.

दाजींनी पंजा आडवा धरून हलवला. "कायतरी बिघाडला."

शर्वरीनं पंजा हलवला.

"शरू, हसत कर!" संग्राम म्हणाला. "दात झाकून हस."

मग दाजींनी अंगठा उभा धरला. "आणि ह्यो आंगठो. आंगठो वर म्हणजे, माका वर घेवन चल. आत्ताच्या आत्ता. समाजला?"

शर्वरीनं मान हलवली आणि अंगठा वर केला.

"वा! सुरेख आलंय," संग्राम म्हणाला. चित्रण सुरेख आलं होतं. त्यानं ते तिथल्या तिथे शर्वरीच्या आईला पाठवून दिलं.

"तर दाजी, उद्याचं काय ठरलं मग?"

"जेवया आधी."

पानं मांडली. भात, तिखलं, सोलकढी. दाजी म्हणाले, "आता ह्या जेवाण म्हणजे तुमची डुबकी. पानार बसलास काय पाण्यात गेलास. हात धुतलास काय वर इलास. मधी कोणी तोंडान बोलाचा नाय. काय व्हया ता हातान सांगायचा."

"एवढंच?" संग्राम म्हणाला. "सोपं आहे. मी तर म्हणतो—"

दाजींनी ओठांवर बोट ठेवलं.

…

पहिली पाच मिनिटं संग्रामला कठीण गेली. त्याला कढीचं कौतुक करायचं होतं, माशाबद्दल विचारायचं होतं, मिरजेत बांगडा ताजा मिळत नाही हे सांगायचं होतं. हे सगळं त्यानं घशाखाली ढकललं आणि चार घास जास्त खाल्ले.

शर्वरी मात्र मजेत होती. तिनं मीठ मागितलं, दाजींनी मीठ दिलं. तिनं बोटांनी काट्याची खूण केली, दाजींनी काटा काढून दिला.

मग तिला रश्श्यात एक काळपट, बारीक फळ दिसलं. तिखल्यात तिरफळं घालतात ती वासासाठी. खायची नसतात, पानाच्या कडेला काढून ठेवायची. हे मालवणातलं शेंबडं पोरही जाणतं. मिरजेच्या पोरीला कोण सांगणार? तिनं ते तोंडात टाकलं आणि कचकन चावलं.

दाजी पाटावरून अर्धे उठले.

शर्वरीचे डोळे मोठे झाले. जिभेला झिणझिण्या, ओठांना झिणझिण्या, कानामागेसुद्धा काहीतरी गुणगुणायला लागलं. पण तोंडानं बोलायचं नव्हतं. तिनं वडिलांकडे वळून पंजा आडवा धरला आणि हलवला.

कायतरी बिघाडला.

संग्रामनंही पंजा हलवला. हळूहळू खा, असं सांगितलं.

दाजी अर्धे उठलेले तसेच थांबले.

शर्वरीनं अंगठा वर केला.

संग्रामचा चेहरा फुलला. पोरीला आवडलं! त्यानंही अंगठा वर केला आणि पळीभर तिखलं तिच्या भातावर ओतलं.

शर्वरीनं अंगठा आणखी उंच केला. हात डोक्याच्याही वर.

संग्रामनं दोन्ही अंगठे वर केले.

पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिनं दोन्ही हात वर केले, दोन्ही अंगठे आढ्याच्या दिशेनं…

संग्रामनं डाव्या हातानं मोबाइल उचलला आणि फोटो काढला.

दाजी उठले. त्यांनी पोरीला काखेत हात घालून उचललं, परसात नेलं, चूळ भरायला लावली आणि ओल्या खोबऱ्याचा मोठा तुकडा तिच्या तोंडात दिला. संग्राम खरकट्या हातानं मागे धावला.

"काय झालं? शरू! अगं, बोलायचं ना!"

"बोलायचं नव्हतं," शर्वरी खोबरं चावत बोबडं म्हणाली. "मी चारदा सांगितलं."

"कधी?"

पोरीनं पुन्हा अंगठा वर केला. तिची जीभ अजून तिच्या ताब्यात नव्हती.

"फोनात बघा," दाजी म्हणाले. "तुमीच काढलास."

संग्राम पायरीवर बसला. मोबाइलमधून दाजींचा आवाज आला. आंगठो वर म्हणजे, माका वर घेवन चल. आत्ताच्या आत्ता.

त्यानं ते पुन्हा लावलं.

…

तिसऱ्यांदा लावलं, आणि मध्येच बंद केलं.

"म्हणजे गेल्या वर्षी त्या गड्यानं मला…"

"होय."

"दोन्ही वेळा…"

"होय."

"आणि मी त्याची तक्रार केली."

दाजींनी पोरीच्या हातात खोबऱ्याचा आणखी एक तुकडा दिला.

संग्रामनं लेकीकडे बघितलं. ओठ लाल झालेले, गालांवर पाण्याचे ओघळ वाळलेले. खाली, तीस फूट पाण्यात, हिचा हात माझ्या हातात असणार होता, असं त्याच्या मनात आलं.

त्यानं विचारलं, "शरू… तुला जायचंय का गं खाली?"

आणि आयुष्यात पहिल्यांदा तो उत्तरासाठी थांबला.

शर्वरीनं खोबरं गिळलं. विचार केला.

"जायचंय. मला मासे बघायचेत." मग दाजींच्या मागे अर्धी लपून म्हणाली, "पण बाबांबरोबर नको."

मोबाइल खणखणला. आईचा मेसेज होता. *चित्रण बघितलं. काय म्हणाले ते?*

संग्रामनं मोबाइल पालथा ठेवला.

"दाजी, मी तिच्या आईला काय सांगू? एवढ्या लहान पोरांना हे शिकवावं की नाही? एकदाचं वय सांगा. आठ नको तर दहा. दहा नको तर बारा. तुमच्या हिशेबानं कितव्या वर्षी माणूस खाली न्यायच्या लायक होतो?"

दाजींनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं.

"तुमचा वय किती?"

"माझं? बेचाळीस."

"बेचाळीस…" दाजींनी मान हलवली. "वायच कमी पडता."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची बोट त्या दोघांना न घेताच सुटली. संग्राम आणि शर्वरी किनाऱ्यालाच कंबरभर पाण्यात खेळत होते. थोड्या वेळानं शर्वरीला थंडी वाजायला लागली, तिनं अंगठा वर केला आणि ती बाहेर आली. तिच्या मागोमाग, काही न विचारता, संग्रामही बाहेर आला.