उंबऱ्यावर बोललेला शब्द

एका राज्यात सुभानजी नावाचा सरदार होता. राज्याचे नाव आता मला खात्रीने सांगता येत नाही. दोन कथा मी एकीत मिसळतो आहे की काय, ही धास्तीही आहेच. पण सुभानजीच्या मनगटातल्या सोन्याच्या कड्याबद्दल माझी चूक होत नसावी.

ते कडे राजाच्या मांत्रिकाने मंतरलेले होते. जो ते घाली, त्याला तलवार लागत नसे. त्याच्या घरची कणगी रिकामी होत नसे. तो वाटेने निघाला की म्हातारेही उठून उभे राहत. राजाने चाकरीत घेताना ते हातात घातले आणि काल दुसऱ्याची गुरे राखणारा सुभानजी असा मोठा झाला. शिवाय एका ताटात भाकरी मोडणारे सोबती मिळाले. सख्ख्या भावांची नसेल एवढी त्यांची माया.

पण कडे घालून तो पहिल्या स्वारीला निघाला, तेव्हा कुचाचा नगारा वाजला आणि घाईत उंबऱ्यावर तो बोलून गेला, "जातो."

"अरे, येतो म्हण!" आई ओरडली. तोवर घोडा वेशीपार गेला होता.

मंतरलेले कडे हातात असता उंबऱ्यावर बोललेला शब्द खरा होतो. तेव्हापासून सुभानजी घरी येई, उंबऱ्याशी पोचे आणि त्याचे पाय आपोआप माघारी वळत. आई वाट पाहतच गेली.

"राजाचा हुकूम ऐकतात ते पाय, माझा ऐकत नाहीत?" बायको चिमणाबाई आतून म्हणाली.

"कणगी भरलेली आहे ना?"

"आहे. पण कणगी मुलीला खांद्यावर घेत नाही."

दाराआडून लेक रेवती म्हणाली, "आई, सरदारसाहेब पुन्हा आलेत."

ज्याला तलवार लागत नव्हती, त्याला ते लागले.

अंगणातल्या कडुनिंबावर एक मैना होती. ती म्हणाली, "सरदार, कड्याने तुझी झोप घेतली, ती आण. भीती घेतली, तीही आण. मग ज्या उंबऱ्याचा तू झाला आहेस, तिथे तोच शब्द बोल."

झोप नदीपल्याड, शत्रूच्या एका लंगड्या शिपायाच्या घोंगडीत होती.

"ही तुझी होय?" शिपाई म्हणाला. "तरीच! माझाच पाय तुटताना मला रोज स्वप्नात तोडणाऱ्याच्या बाजूने दिसतो. ने बाबा, ने."

भीती एका कोरड्या विहिरीत, शापित खजिन्यावरच्या नागापाशी होती. नाग म्हणाला, "मोहरा ने, भीती राहू दे. सगळे तेच करतात." सुभानजीने भीती उचलली. आता तो भिंत धरून, एकेक पायरी चाचपत वर आला.

मग तो दरबाराच्या उंबऱ्यावर उभा राहिला.

"महाराज, चाकरी सोडतो."

"तलवार लागेल. कणगी आटेल. तुझ्यासाठी कोणी उठणार नाही."

"ठाऊक आहे."

"आणि या सोबत्यांना काय सांगशील?"

सोबती समोरच उभे होते. सुभानजीने त्यांना हात जोडले.

"बरे. या मग," राजा रीतीप्रमाणे म्हणाला.

"येतो," हेच सुभानजीच्या ओठांवर आले होते. पण आता तो भिऊ शकत होता. भ्याला, म्हणून जीभ थांबली.

"जातो, महाराज."

असा अभद्र शब्द दरबारात कोणी उच्चारला नव्हता. कडे दुभंगून फरशीवर पडले.

संध्याकाळी त्याने घराचा उंबरा ओलांडला.

"कणगीचा तळ दिसू लागलाय," चिमणाबाई म्हणाली.

"दिसू दे. नांगर धरीन."

"धरता येतो का अजून?" असे म्हणत तिने ताट वाढले. जेवता जेवताच त्याला झोप लागली. रेवतीने दुरूनच हात लांबवून बोटाने टोचले. "बाबा, हात तरी धुवा."

पुढे तो सुखाने नांदला, असे सांगणारे सांगत. मला ते सहजी पटेना. बऱ्याच वर्षांनी रेवती भेटली, तोवर ती नातवंडांची आजी झाली होती. तिला विचारून खात्री करून घेतली. नांदले, ती म्हणाली. फक्त दाराकडे पाठ करून ते शेवटपर्यंत कधी बसले नाहीत.