उंबरेमाळच्या जैतूचा दगड

ऐका. सावकाश सांगतो. ही गोष्ट घाईने सांगायची नाही आणि घाईने ऐकायचीही नाही.

फार वर्षं झाली. किती, ते कुणी मोजून ठेवलेलं नाही. माझ्या आज्याच्या आज्यालाही ती जुनीच होती. आमचं उंबरेमाळ तेव्हाही इथंच होतं, कड्याच्या माथ्यावर. पण वर यायला रस्ता नव्हता. खाली तळगावाला गुरुवारचा बाजार भरे. हिरडा, मध, डिंक खाली न्यायचा आणि मीठ, सुकट, मडकी वर आणायची. मीठ काही डोंगरावर पिकत नाही. म्हणून दर गुरुवारी कडा उतरावाच लागे.

कड्याला शिडी होती. कळकाची, म्हणजे जाड बांबूची, वेलींनी बांधलेली. एकाखाली एक असे सात टप्पे. एक टप्पा उतरला की पाऊलभर कपार, तिथं श्वास घ्यायचा, मग दुसरा टप्पा. खाली बघायचं नाही अशी रीत होती. खाली ढग असत, आणि ढगांच्या खाली काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

वर्षाला एक माणूस त्या शिडीवरून पडून जाई. कधी दोन. डोक्यावर पाटी, पायाखाली पायरी, आणि एकाएकी पायरी नाही. ओरडणंसुद्धा अर्धंच ऐकू येई. मग लोक म्हणत, कडजाईनं आपलं घेतलं. कडजाई म्हणजे कड्याची देवी. तिला कोंबडं द्यायचं, नवी पायरी बांधायची आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा उतरायचं. का गेलं, असं कुणी विचारत नसे. जो विचारतो त्याच्या घरी ती पुढच्या खेपेला येते, असं म्हणत.

त्या वाडीत जैतू नावाचा एक माणूस होता. टोपल्या विणायचा. बोलणं कमी. त्याची बायको ठकी, आणि एक मुलगी पोशी, सात वर्षांची. एका गुरुवारी ठकी बाजार करून वर येत होती. जैतू माथ्यावर बसून वाट बघत होता. तिच्या लुगड्याचा पदर त्याला दिसला. तिनं वर बघितलं आणि मिठाची पाटी जरा सावरली. तेवढ्यात काटकी मोडल्यासारखा एक आवाज झाला. मग शिडी होती आणि ठकी नव्हती.

जैतू खाली उतरला. तिला घेऊन आला, आणि मोडलेली पायरीही घेऊन आला.

लोक म्हणाले, "पायरी कशाला आणलीस घरात? ती आता कडजाईबाईची झाली."

जैतूनं कोयत्यानं ती पायरी उभी चिरली. आतून पिवळं पीठ सांडलं. बाहेरून कळक कसा गुळगुळीत होता, आणि आत नुसतं पीठ.

तो म्हणाला, "बाईनं नेली म्हणता. मग हे पीठ कुणी दळलं?"

बायकांनी पोरं आत नेली. त्यानं विचारलं होतं ना.

आता जैतूला एकच भीती होती, आणि ती सगळ्या वाडीला माहीत होती. मुलगी बारा वर्षांची झाली की तिच्या डोक्यावर आईची पाटी येई, आणि ती बाजाराच्या बायांबरोबर कडा उतरू लागे. पोशीला त्याला अजून पाच वर्षं होती. म्हणजे जैतूलाही पाचच वर्षं होती.

त्यानं घरासमोरच्या हिरड्याच्या झाडाला ठकीची पायरी टांगली. मग तो कळक तोडत सुटला. उन्हाळ्यातला, पावसाळ्यातला, कोवळा, जून, नदीकाठचा, खडकातला. प्रत्येकावर कोयत्यानं खूण करायची, दोन फांद्यांच्या मध्ये आडवा बांधायचा आणि त्याला माणसाच्या वजनाचा धोंडा अडकवायचा. मग बसून राहायचं. कुठला आधी मोडतो ते बघायचं. वादळ आलं की ते धोंडे झुलत, कळक कुरकुरत, आणि शेजारी कानावर हात ठेवत. त्यांना वाटे, झाडाला माणसंच लटकली आहेत.

धावजी नावाचा एक थट्टेखोर गडी होता. तो म्हणायचा, "जैतूदा, धोंड्यांचं लगीन कधी लावतोस? वऱ्हाडी आम्ही येतू."

जैतू म्हणे, "तू जड आहेस. तुलाच टांगतो एकदा."

आणि दोघं हसत. वाडीत जैतूशी हसणारा तेवढा एकच होता.

दोन वर्षांनी जैतूला एक गोष्ट सापडली. चुलीवरच्या धुरात ठेवलेल्या कळकाला कीड लागत नव्हती, आत पीठ होत नव्हतं. त्यानं वाडीला सांगितलं. लोकांना बरं वाटलं, कारण भीतीनं सगळेच थकले होते. घरोघरी कळक धुरावर चढले आणि शिडीच्या पायऱ्या बदलल्या. पहिल्या गुरुवारी काही झालं नाही. चौथ्या गुरुवारी धावजी उतरत होता, गाणं म्हणत. गाणं मध्येच थांबलं.

कीड नव्हती. धुरानं वाळून वाळून कळक खापरासारखा ठिसूळ झाला होता.

जैतू ती पायरी घेऊन धावजीच्या आईकडे गेला. तिचं नाव आंबूबाई. ती उंबऱ्यात बसली होती. तिच्यापुढं पायरी ठेवून तो म्हणाला, "आंबूकाकू, हे कडजाईचं नव्हं. हे माझं. मी चुकलो."

म्हातारीनं पायरी हातात घेतली, वास घेतला. धुराचा वास. मग म्हणाली, "माझं पोर ह्या चुकीत गेलं. आता ही चूक वाया घालवू नको. टांग झाडाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे."

आणि ती स्वतः त्याच्याबरोबर हिरड्यापर्यंत चालत गेली, असं म्हणतात. गाठ तिनंच मारली.

त्या दिवसापासून जैतू जास्तच हळू झाला. खुणा बघत बघत त्याला दिसलं, की सगळ्यांत जास्त पीठ पडतं ते चांदण्याच्या पंधरवड्यात तोडलेल्या कळकात. तेव्हा कळकात रस भरलेला असतो, आणि रसाला कीड येते. पण आपले लोक कळक चांदण्यातच तोडत. दिवसाची कामं उरकून संध्याकाळनंतरच रानात शिरावं लागे, आणि अंधाऱ्या पंधरवड्यात वाघराची भीती. म्हणजे बघा, माणसं वाघराला भ्यायची आणि त्या भीतीपायी कड्यावर मरायची. जैतू अंधाऱ्या पंधरवड्यात एकटा गेला. कळक तोडून वाहत्या ओढ्यात महिनाभर बुडवले, मग सावलीत वाळवले. त्या कळकांवर धोंडा वर्षभर लटकला. एकही कळक मोडला नाही.

पण तोही कधीतरी कुजणारच. कधी, ते कसं कळावं? त्याचं उत्तरही झाडानंच दिलं. जैतू रोज एका गोट्यानं कळक वाजवून बघे. चांगला कळक म्हणे, टक. आतून गेलेला म्हणे, बद्द. मोडायच्या आठ-पंधरा दिवस आधीपासून म्हणे. मग त्यानं पोशीला शिकवलं. ती डोळे मिटून बसे, तो वाजवी.

"काय ऐकू आलं?"

"टक."

"हे?"

"टक. नाही बा, थांब. बद्द."

चुकली तरी तो रागवत नसे. तेच पुन्हा वाजवी.

त्यानंतर दर गुरुवारी जैतू सगळ्यांच्या आधी उतरू लागला. सातही टप्पे, एकेक पायरी वाजवत. खालून आवाज येत राही, टक, टक, टक, आणि वर माणसं पाटी डोक्यावर घेऊन ऐकत उभी राहत. बद्द ऐकू आलं की पायरी बदलली जाई. दीड वर्ष कड्यानं कुणाला नेलं नाही. लोक जैतूला मान देऊ लागले आणि त्याला भिऊही लागले. कडजाईचा घास ह्यानं काढला, ती हिशोब केल्याशिवाय राहील का, असं कुजबुजत.

पोशी बारा वर्षांची झाली. भाद्रपद होता. कड्यावर इतकं धुकं, की स्वतःचा हात दिसेना. जैतूनं सकाळी शिडी वाजवली. टक, टक, टक. सगळं चांगलं. नऊ बाया आणि पोशी खाली उतरल्या.

दुपारी जैतू माथ्यावर वाट बघत बसला. हाताला चाळा म्हणून हिरड्याखालचे कळक वाजवत होता. त्यात एक आतून गेलेला होता. त्याला तो चांगला ओळखत होता, महिन्यापूर्वीच त्यानं तो बाजूला काढला होता. पावसानं भिजून चिंब झाला होता. त्यानं वाजवला.

टक.

त्यानं पुन्हा वाजवला. टक. तेव्हा कुठं दुसऱ्या ठोक्याच्या शेवटाला, अगदी बारीक, बद्द.

जैतू उठून उभा राहिला. ओल्यात कळक खोटं बोलतो. पाणी आतली पोकळी झाकतं. सकाळी त्यानं प्रत्येक पायरी एकदाच वाजवली होती.

खालून बायांचं बोलणं ऐकू येत होतं. त्या चढायला लागल्या होत्या.

तो उतरला. प्रत्येक पायरी दोनदा वाजवत. पहिला टप्पा, दुसरा, तिसरा. चौथ्या टप्प्याच्या मधोमध एक पायरी त्याला सापडली. अंगठा दाबला तर आत गेला. आत भिजलेला लगदा. त्याच्याखाली, चार हातांवर, पहिल्या बाईचं डोकं धुक्यातून वर आलं.

"थांबा," जैतू म्हणाला. "हलू नका."

दहा जणी एकाच शिडीवर, डोक्यावर मीठ. मागं फिरायला जागा नाही. जैतूनं एक पाय खडकाच्या भेगेत घातला, दुसरा शिडीच्या दांड्याला अडकवला, पायरी काढून टाकली आणि तिथं आपला खांदा दिला. म्हणाला, "ह्याच्यावर पाय ठेवून एकेक वर जा. मला बघू नका."

नऊ बाया त्याच्या खांद्यावरून गेल्या. एकीनं जाताना "माफ कर रं" म्हटलं. दुसरी म्हणाली, "दादा, माझी पाटी टाकू का खाली?" तो म्हणाला, "मीठ आहे. टाकू नको."

पोशी शेवटी होती. नवी मुलगी सगळ्यांच्या मागं, अशी रीत होती. नवी पडली तर इतरांना घेऊन पडू नये म्हणून. ती वर आली आणि थांबली.

"बा, तुझा खांदा थरथरतोय."

"थरथरू दे. ये."

पोशी आली नाही. तिनं हात वर केला आणि बोटाच्या पेरानं बापाच्या खांद्यावर वाजवलं. एकदा. मग पुन्हा एकदा.

जैतू हसला, असं म्हणतात. त्यानं विचारलं, "काय ऐकू आलं?"

"टक."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"मग ये."

ती त्याच्या खांद्यावर चढली. वरच्या पायरीला हात लागल्यावर त्यानं आपला गोटा तिच्या ओटीत टाकला. म्हणाला, "हा वर ने. आणि सांग सगळ्यांना, मी आज चुकलो. ओल्यात दोनदा वाजवायचं. दुसरा ठोका शेवटपर्यंत ऐकायचा."

पोशी तिसऱ्या टप्प्याच्या कपारीवर पोचली आणि तिनं मागं बघितलं. धुक्यानं खालची शिडी झाकली होती. तिनं हाक मारली. ओ आली नाही. पडल्याचा आवाजही आला नाही. माणसं दोर सोडून उतरली, खालची दरी तीन दिवस शोधली. जैतू कुणाला सापडला नाही, ना त्याचं धोतर, ना मुंडासं. कुणी म्हणतं कडजाईनं हिशोब केला. आंबूबाई म्हणाली होती, "कडजाईनं त्याला कामाला ठेवला." तेव्हापासून कड्यावर पायरी मोडायच्या आधी आतून ठोका ऐकू येतो. वर कुणी नसतं, खाली कुणी नसतं, आणि दोनदा वाजतं. बद्द. बद्द. ज्यांनी ऐकलं ते मागं फिरले आणि सांगायला राहिले, असं म्हणतात. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचं कुणाला विचारणार.

आता कड्याला लोखंडी शिडी आहे. पलीकडून रस्ताही झाला, जीप येते. पण उंबरेमाळची माणसं अजून ओळखू येतात. बाजारात मडकं घेतील तर दोनदा वाजवतील, भोपळा घेतील तर दोनदा. तळगावचा दुकानदार म्हणतो, "मावशी, बादली प्लास्टिकची आहे, ती काय बोलणार?" तरी मावशी वाजवते. पोरं दुपारी डोळे मिटून बसतात आणि टक का बद्द खेळतात. तो खेळ कुठून आला ते त्यांना मोठी झाल्यावर सांगतात, आधी नाही. आधी सांगितलं तर झोपत नाहीत.

आणि हिरडा आहे. मूळचा वठला, त्याच्या बियाचा आहे. घरात काही फसलं की तिथं आणून टांगायचं. करपलेलं भांडं, उलटा विणलेला टोपला, बाजारात फसून घेतलेली चीर गेलेली घागर. ज्याचं त्यानं आणायचं आणि मी कसा चुकलो ते उभं राहून सांगायचं. हसायला परवानगी आहे. धावजीच्या नावानं हसायचंच, असं म्हातारे सांगतात. पण टांगलेलं काढायचं नाही. वाऱ्यात ते सगळं एकमेकांवर आपटत राहतं, आणि नवी सून आली की पहिले काही दिवस त्या आवाजाला भिते.

भाद्रपदातल्या पहिल्या गुरुवारी मात्र रस्त्यानं कुणी जात नाही. सगळे शिडीनंच उतरतात. पोशीच्या वंशातली थोरली बाई पुढं असते. तिच्या ओटीत तो गोटा असतो, झिजून सुपारीएवढा झालेला. ती पहिल्या पायरीवर दोनदा वाजवते आणि म्हणते, "जैतूबाबा, आम्ही ऐकतोय." मग सगळी वाडी तोंड बंद करून उभी राहते. पोरांच्या तोंडावर आयांचे हात असतात.

उत्तराची वाट बघायची. उत्तर आलं नाही, की उतरायचं.