तांबटाची मोजणी

फार जुनी गोष्ट. खवली मरेपर्यंत एकच सांगत राहिली, "माझं कुणी खरं मानलं नाही." आणि नव्हतंच मानलं.

खवली म्हणजे खवल्या मांजराची मादी. जमिनीत शिरून वाळवी खायची. एकदा तिला ऐनाच्या मोठ्या झाडाची मुळं आतून पोकळ लागली. वर पन्नास घरटी, पिल्लांनी भरलेली. ती धावत वर आली आणि ओरडली, "झाड पडणार आहे, पिल्लं हलवा!"

त्या रानात रीत अशी, की ज्याचं बोलणं जास्त जण पुन्हा म्हणतील, त्याचंच खरं. मोजायला तांबट पक्षी. एकेका तोंडामागे एक टुक.

सातभाई पक्ष्यांच्या थव्यातला थोरला म्हणाला, "झाड भक्कम आहे." एक बोलला की बाकीचे सहा तेच बोलतात, ही त्यांची जातच. सहा टुक झाले. खवलीचं बोलणं बिळात राहणाऱ्या एकट्या साळूनं, म्हणजे साळिंदराच्या मादीनं, म्हटलं. एक टुक.

"तांबटदादा, जमिनीखाली राहणाऱ्या आम्ही दोघीच. दुसरी हो म्हणाली, आता तिसरी कुठून आणू?"

"मोजणी सगळ्यांना सारखी," तांबट म्हणाला.

"खवले, आधी गोतावळा जमव, मग बोल!" सातभाई खिदळले.

चौथ्या दिवशी भर दुपारी झाड कोसळलं. एकही पिल्लू वाचलं नाही. मग दोष कुणाचा, म्हणून सभा भरली. साळू आलीच नाही. तिला त्याच रानात राहायचं होतं. खवली एकटीच उभी राहिली.

थोरला म्हणाला, "मुळांखाली उकरत कोण होतं?"

सहांनी एकच नाव घेतलं. तांबटानं सहा टुक मोजले आणि निकाल दिला: खवली.