बुजलेल्या ओढ्यावरची उडी

तांबखडीच्या भैरोबाच्या जत्रेत घोड्यांची शर्यत असते. नवखा पाहुणा ती बघून हमखास बुचकळ्यात पडतो. घोडे भरधाव येतात, माणसं घसा फोडून ओरडत असतात, आणि ऐन रंगात, माळाच्या मधोमध, सगळे स्वार लगाम खेचून खाली उतरतात. तिथे ना खड्डा, ना कुंपण. नुसती सपाट जमीन. तेवढा पट्टा ते घोड्याला हाताने धरून चालत पार करतात, पुन्हा मांड ठोकतात आणि शर्यत पुढे सुरू होते. पाहुणे हसतात. गावचे दौलूआबा त्यांना पोटभर हसू देतात आणि मग सांगायला लागतात.

फार पूर्वी, गावावर सरदारांचा अंमल होता तेव्हा, ही शर्यत उड्यांची होती म्हणे. आधी बोराटीची काटेरी कुपाटी, मग दगडांचा बांध आणि शेवटी ओढा. कुपाटी कुणी लावली नव्हती, ती आपसूक माजली होती. बांध एकीकडे ढासळलेला होता, आणि ओढा तर दर पावसाळ्यात काठ बदलायचा. म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी स्वार घोड्याला पायी नेऊन एकेक अडथळा दाखवी. घोडं हुंगायचं, कान टवकारायचं, पाण्यात तोंड घालायचं. याला ‘ओळख’ म्हणत. ओळख झाल्याशिवाय तांबखडीत कुणी घोडं पळवत नसे.

सरदारांच्या पागेत सटवाजी नावाचा चाबुकस्वार होता. घोडे शिकवावेत तर त्यानेच. बायको लवकर गेलेली. घरात तो आणि त्याचा एकुलता एक मुलगा रायाजी. पागेतली पाखरी नावाची घोडी सटवाजीने शिंगरू असल्यापासून हाताखाली वाढवली होती. रायाजी तिच्यावर बसला की ओढ्याशी त्याला टाचही मारावी लागत नसे. ठरल्या जागी ती आपणहून अंग आवळायची आणि पलीकडे जायची.

थोरले सरकार गेले आणि धाकट्या सरकारांच्या हाती कारभार आला. त्यांनी कुठेतरी दूर साहेब लोकांच्या शर्यती पाहिल्या होत्या. परत आले ते माळ सुधारायचा असं मनात घेऊनच. कुपाटी तोडली, बांध उपटला, ओढ्याचं पाणी वरच्या अंगाने दुसरीकडे वळवलं आणि पात्रात दगड-मुरूम भरून वर रूळ फिरवला. मग रंगवलेल्या फळ्यांचे अडसर उभे केले, सगळे एका उंचीचे, एकसारख्या अंतरावर. दिसायला माळ देखणा झाला, हे आबाही कबूल करतात. खुरांनी नवी जमीन उखडू नये म्हणून सरकारांनी ताकीद दिली, की शर्यतीआधी एकाही जनावराचा पाय माळावर पडता कामा नये. त्या वर्षी ओळख झाली नाही.

सटवाजीला ते रुचलं नाही, पण हुकूम मोडायची त्याची छाती नव्हती. त्याने पागेच्या आवारात तशाच फळ्या उभ्या केल्या आणि पाखरीला त्यांच्यावरून उडवून उडवून तयार केलं. जे नवीन होतं ते सगळं त्याने तिला शिकवलं. जे नाहीसं झालं होतं ते शिकवायचं असतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

शर्यतीत पाखरी सगळ्यांच्या पुढे होती, असं सांगतात. पहिले अडसर तिने लीलया पार केले. मग ओढ्याची जागा आली, आणि सपाट जमिनीवरून तिने उडी घेतली. जुनीच उडी, अख्ख्या ओढ्याची. रायाजी बेसावध होता. घोडी खाली आली ती थेट पुढच्या फळ्यांवर. ती लंगडत उठली. रायाजी उठला नाही.

सरकारांनी घोडीला गोळी घालायला सांगितलं. बापाचं दुःख हलकं होईल असं त्यांना वाटलं असेल. सटवाजी मुलाच्या अंगावरचा हात न काढता म्हणाला, “सरकार, तिचा काय गुन्हा? वढा बुजवला म्हून तिला कुणी सांगितलं?”

सरकार वरमले. ते म्हणाले, “पुढच्या जत्रेत ही घोडी सगळ्यांसमोर त्या जागेवरून नीट चालत गेली, तर राहील. नाहीतर नाही.”

त्यानंतर सटवाजी रोज सकाळी पाखरीला त्या जागी पायी आणू लागला. ती थबकायची, मान खाली घालून मुरूम हुंगायची आणि उडी मारायची. तो परत आणायचा, ती परत उडी मारायची. “वढा न्हाई गं बाई, चाल,” एवढंच तो तिच्या कानाशी म्हणत राही. मुलगा गेला होता. आता निदान ही वाचावी, एवढाच ध्यास त्या म्हाताऱ्याने घेतला होता.

जत्रेचा दिवस आला. सारा गाव माळाच्या कडेला उभा होता. सटवाजी पाखरीला घेऊन त्या जागी आला. घोडी थांबली नाही, तिने कान हलवले नाहीत, खाली पाहिलंही नाही. कुठल्याही जमिनीवरून चालावं तशी चालत पलीकडे गेली. लोकांनी भंडारा उधळला. सरकारांनी आपला शेला काढून तिच्या पाठीवर टाकला.

सटवाजी तिथेच मातीत बसला आणि रायाजीच्या वेळी रडला नव्हता तेवढा रडला म्हणे. लोक त्याला उठवायला धावले. “अरं, वाचली की रं घोडी,” ते म्हणाले.

“वाचली,” सटवाजी म्हणाला. “पर वढा आज गेला. हिच्या ध्यानात हुता तवर हुता.”

त्या दिवशी शर्यत सुटली तेव्हा पहिला स्वार त्या जागी आपणहून खाली उतरला. त्याच्या मागचाही उतरला. सरकारांनी पाहिलं आणि शर्यत तशीच चालू दिली.

आजही तिथे सगळे उतरतात. घोडे आता बाहेरगावाहून टेम्पोत येतात, त्यांच्या कुळात कुणी ओढा पाहिलेला नाही, तरी स्वार त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणतात, “वढा न्हाई, चाल.” एखादा पाहुणा विचारतो, ओढा नेमका कुठून कुठे वाहत होता? आबा दाखवायला हात उचलतात. मग तो कुठल्या बाजूला न्यावा ते त्यांना कळत नाही, आणि ते तो हळूच मांडीवर ठेवतात.