भिजत घातलेली आत्या

ओढ्याकाठच्या एका गावात येसबा नावाचा एक भोळा बाप होता. बाप तो नुकताच झाला होता. भोळा आधीपासूनच होता.

बाळाचं बारसं जवळ आलं. येसबाची बायको हौसा, पहिलटकरीण. तिला एकच घोर. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या वेळेवर यायला हवी, आणि आत्येच्या आधी सगळं सामान.

तिनं येसबाला गूळ आणायला धाडलं. बाजारात गुळावर धूळ बसली होती. येसबानं तो ओढ्यात चोळचोळून धुतला. घरी आलं ते रिकामं, चिकट फडकं.

"अहो, गूळ पाण्यात विरघळतो. पाण्यापासून लांब, उन्हात कोरडा ठेवून आणायचा."

"बरं," येसबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो लोणी आणायला गेला. पाण्यापासून लांब म्हणून लांबच्या वाटेनं, ऊन लागावं म्हणून गोळा डोक्यावर ठेवून. घरी आला तेव्हा कानापर्यंत चकाकत होता.

"अहो, लोणी उन्हात वितळतं. ओल्या फडक्यात गुंडाळून, वर पाणी शिंपडत आणायचं."

"आधी सांगायचं ना."

हौसाला वाटलं, खरंच, आधी सांगायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी पाळण्यामागची भिंत रंगवायला चुन्याची कळी हवी होती. येसबानं ती ओल्या फडक्यात गुंडाळली. वर पाणी शिंपडलं. गाठोडं फसफसलं, त्यातून वाफा निघाल्या. येसबानं ते रस्त्यात टाकलं नि बोटं फुंकत घरी आला.

"चुना वाटेतच शिजला. चूल नव्हती तरी."

 चूक आपलीच, आपण एकेका वस्तूचं सांगत बसलो, असं हौसाच्या मनानं घेतलं. विचार करकरून तिनं सगळ्यांना लागू पडेल असा एकच नियम काढला.

"हे बघा, यापुढे काहीही आणायचं असलं की आधी त्यातलं चिमूटभर पाण्यात टाकायचं. थोडा वेळ थांबायचं. विरघळलं नाही, फसफसलं नाही, तरच घरी आणायचं."

या नियमात कुठंच भोक नाही, असं तिला वाटलं. त्या रात्री तिला झोप लागली.

बारशाच्या सकाळी येसबा ओढ्यापलीकडून आपल्या थोरल्या बहिणीला, गोदाआक्काला, आणायला गेला. बायका जमल्या. घुगऱ्या शिजल्या. दुपार व्हायला आली, आत्येचा पत्ता नाही. शेवटी येसबा एकटाच दारात आला.

"अहो, वन्सं कुठायत?"

"ओढ्यात."

"ओढ्यात काय करतायत?"

"चिमूटभर तोडता येईना. म्हणून सगळीच भिजत घातली."

बाळाला छातीशी धरून हौसा धावली. मागून सगळं बारसं धावलं. ओढ्याच्या मधोमध गोदाआक्का कमरेएवढ्या पाण्यात बसली होती. झबल्या-टोपड्याचं गाठोडं तेवढं तिनं डोक्यावर धरलं होतं.

"हा म्हणाला, आक्का, जरा बैस," ती कुडकुडत म्हणाली. "मला वाटलं, तुझ्या माहेरची रीत असेल."

मग ओढ्याकाठीच तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. नाव राहिलं बाजूला, बाळ दचकलं ते तिच्या केसांतल्या गार थेंबांनी.

येसबानं लगेच बाळाला उपरण्यानं कोरडं केलं. "आक्काचं ठीक आहे," तो म्हणाला, "हा लहान आहे. लगेच विरघळेल."

तेव्हापासून बाळाची आंघोळ झाली की येसबा घंगाळात वाकून बघतो, पाण्यात काही उतरलं तर नाही ना. हौसा त्याला हसते. आणि पाणी ओतण्याआधी एकदा स्वतःही वाकून बघते.