विणकरांच्या आळीतला वैद्य

पूर्वी चंपकावती नगरीत राजा उदयभद्र राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मले होते. लोक त्यांना सुनेत्र म्हणत.

एका वर्षी नदीपलीकडच्या गावांत देवीची साथ आली. सुनेत्रांना एक उपाय ठाऊक होता. सौम्य देवी आलेल्या माणसाची वाळलेली खपली कुटून निरोगी दंडाला टोचली, की थोडा ताप येई आणि मग साथ त्या माणसाला शिवत नसे. पण विणकरांच्या आळीत कोणी दंड पुढे करेना.

राजा म्हणाला, "शिपाई देतो. धरून टोचा. साथ येण्याआधी काम उरकलंत, तर नदीकाठचं गाव तुमचं."

"महाराज, धरपकड सुरू झाली तर लोक मुलांना घेऊन रानात पळतील. मला आधी बोलू द्या," असे म्हणून बोधिसत्त्व एकटेच आळीत गेले.

तिथे पद्मला नावाची विणकरीण आपल्या लहान लेकीला, शामाला, पदराखाली घेऊन बसली होती. ती म्हणाली, "वैद्यराज, माझ्या थोरल्याला ताप होता. मी माझ्या हाताने काढा पाजला आणि तो गेला. उद्या साथीत शामा गेली, तर दैवाने नेली म्हणेन. पण हे टोचून गेली, तर मीच मारली ना तिला?"

बोधिसत्त्वांना तिचा राग आला नाही. ते तिच्या ओसरीवर टेकले.

"काढ्याने तो गेला असं मला वाटत नाही, पण मी तिथे नव्हतो. टोचल्यावर ताप येतो, क्वचित एखाद्याला जडही जातो. साथ मात्र पलीकडे घरोघरची मुलं नेते आहे. माझ्या लेकीला टोचलं, तेव्हा मीही घाबरलो होतो. ठरवायचं तुम्ही. पण ताप उतरेपर्यंत मी इथून हलणार नाही."

"आणि राजाने बोलावलं तर?"

"सांगेन, शामाला ताप आहे."

पद्मलाने बराच वेळ विचार केला. मग लेकीला मांडीवर घेऊन तिचा दंड उघडा केला.

ताप आला आणि चढत गेला. पद्मला रडत ओरडली, "तुमचं ऐकलं, हेच चुकलं माझं!" बोधिसत्त्व शामाच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत राहिले. राजाचा दूत आला, गाव हातचे जाईल म्हणाला. "जाऊ दे," एवढेच ते म्हणाले. शेजारी आपापल्या दारांतून हे पाहत होते.

अखेर एका सकाळी ताप उतरला. शामाने पेज मागितली आणि पहिल्याच घोटाला तक्रार केली, "आई, मीठ घातलंच नाहीस!" पद्मला हसता हसता रडू लागली.

मग शेजारी मुलांना घेऊन आले. पद्मला एकेकाला मांडीवर घेऊन बसे. हे ऐकून राजा स्वतः आळीत आला. त्यानेही अजून टोचून घेतले नव्हते.

"मलाही भीती वाटते," तो हळूच म्हणाला.

"वाटणारच, महाराज," पद्मलाने त्याचा हात धरला. "तिकडे नका बघू. माझ्याकडे बघा."

साथ आली तेव्हा त्या आळीतले एकही मूल दगावले नाही.

कथा संपवून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा आपला भिक्षू आनंद. पद्मला म्हणजे विहारात आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी आपली उपासिका. आणि तो वैद्य मीच होतो. भ्यालेल्या माणसाला न हिणवता त्याच्यापाशी बसून राहिलो, ती माझी त्या जन्मीची मैत्री-पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."