काळं रान आणि टिंबीचा मध

डोंगरावर एक रान होतं.
वणवा आला. रान काळं झालं.
काळी झाडं. काळी वाट. राख, राख, राख.
चिवचिव नाही. सळसळ नाही.
सगळं कसं चिडीचूप.

त्या रानात आली टिंबी.
टिंबी म्हणजे शिंजीर. अंगठ्याएवढा पक्षी. सुईसारखी बाकदार चोच.
टिंबी रोज धायटीच्या झुडपावर बसून फुलातला मध प्यायची.
आज फूल नाही. मध नाही.
धायटीची एक काळी काडी तेवढी उभी.

टिंबी म्हणाली,
"धायटी, धायटी, मला मध दे."

काडी हलली. कट्ट!
"दिला असता गं. पण कुठून देऊ? माती मला घास देईना."

भिर्र भिर्र टिंबी उडाली.
मागून आवाज आला. हूंऽऽऽ.
वळून पाहिलं. कोणीच नाही!

टिंबी मातीवर उतरली. माती करपलेली. भेगाच भेगा.
टिंबी म्हणाली,
"माती, माती, धायटीला घास दे.
धायटी मला मध देईना."

भेगेतून आवाज आला. खोल, खोल.
"दिला असता गं. पण कुठून देऊ? गांडूळ मला खत देईना."

भिर्र भिर्र टिंबी उडाली.
मागून आवाज आला. हूंऽऽऽ.
वळून पाहिलं. कोणीच नाही!

दगडाखाली एक बीळ होतं. इवलंसं, अंधारं.
टिंबीने आत चोच घातली.
"गांडूळदादा, गांडूळदादा, मातीला खत दे.
माती धायटीला घास देईना,
धायटी मला मध देईना."

आत काहीतरी सरकलं. सुळुक सुळुक.
गांडूळदादा बाहेर आलाच नाही. आतूनच म्हणाला,
"दिलं असतं गं. पण कुठून देऊ? मी उपाशी. वाळवी मला भुसा देईना."

भिर्र भिर्र टिंबी उडाली.
आवाज आला. हूंऽऽऽ. आता जवळून आला!
वळून पाहिलं. कोणीच नाही!

पुढे वाळवीचं वारूळ. उंच, लाल, भोकाभोकांचं.
"वाळवीताई, वाळवीताई, गांडुळाला भुसा दे.
गांडूळ मातीला खत देईना,
माती धायटीला घास देईना,
धायटी मला मध देईना."

प्रत्येक भोकातून कुजबूज आली. शंभर तोंडं, एकच बोलणं.
"दिला असता गं. पण कुठून देऊ? आम्हाला लाकूड हवं. लाकूड आहे सावरआजीकडे. पण सावरआजी उभी. वर चढलो, तर ऊन आम्हाला मारतं. ती काही आडवी होईना."

भिर्र भिर्र टिंबी उडाली.
हूंऽऽऽ.
आवाज समोरूनच आला.

समोर सावरआजी होती.
या रानातलं सगळ्यात मोठं झाड. आता काळंभोर. एक पान नाही. पोटात मोठ्ठी ढोली.
त्या ढोलीतून आवाज येत होता. हूंऽऽऽ.

टिंबी घाबरली. पळून जावंसं वाटलं.
पण टिंबी पळाली नाही.

"सावरआजी, सावरआजी, आडवी हो.
वाळवी गांडुळाला भुसा देईना,
गांडूळ मातीला खत देईना,
माती धायटीला घास देईना,
धायटी मला मध देईना."

"नाही गं," सावरआजी म्हणाली. "मी पडले, तर पाखरं बसतील कुठं? वणवा आला, तेव्हा सगळी उडाली. 'येतो हं आजी' म्हणाली. मी उभी आहे. हाक मारतेय. हूंऽऽऽ."

टिंबीने वर पाहिलं. खाली पाहिलं.
"आजी, तुझी मुळं पाणी पितात?"
"नाही गं."
"तुला पालवी फुटेल?"
"नाही गं."
"मग आजी, तू…"
"हो बाळा," सावरआजी हळूच म्हणाली. "मी मेलेय. मला ठाऊक आहे. पण एकदा कोणीतरी येऊन बसावं. मग मी पडेन."


टिंबी फांदीवर बसली. फांदी गारगार.
"आजी, आले मी," टिंबी म्हणाली.
आणि गायली. चिवीट चिवीट! चिवीट चिवीट!

हूंऽऽऽ थांबलं.
"गुणाची गं माझी," सावरआजी म्हणाली. "आता उड."

भिर्र!
कर्रर्रर्र… धडाम!

सावरआजी आडवी झाली.
वाळवीताईने लाकूड खाल्लं. कुरुकुरु, कुरुकुरु.
वाळवीताईने गांडुळाला भुसा दिला.
पाऊस आला. पाऊस गेला.
गांडूळदादाने ओला भुसा खाल्ला. गुळुगुळु, गुळुगुळु.
गांडूळदादाने मातीला खत दिलं.
टिंबी रोज यायची. कधी एक कोळी खायची, कधी एक माशी. गोड काही मिळेना. तरी वाट बघायची.
मातीने धायटीला घास दिला.
काडीशेजारी कोंब आला. टुच्च!
कोंबाला पानं आली. पानांनी ऊन खाल्लं. गपागपा, गपागपा.

एके सकाळी धुकं पडलं होतं.
धुक्यात काहीतरी लाल लाल दिसलं.
टिंबी थबकली. पुन्हा वणवा?
हळूहळू पुढे गेली. धूर नाही. चटका नाही.
ती तर फुलं! धायटीची फुलं!

"ये टिंबी," धायटी म्हणाली. "घे मध."

टिंबीने चोच घातली.
एक घोट. दोन घोट. तीन घोट.
पोट टम्म!

तेवढ्यात कोणीतरी आलं. फडफड, फडफड.
एक दमलेलं फुलपाखरू. पंखाचा काठ फाटलेला.
"मला मिळेल का गं मध?"

टिंबी थोडी सरकली.
"ये ना," ती म्हणाली. "इथे बस. माझ्याजवळ."